शेजारची सीट

म्हातारीने बॉनेट असं आपटलं, की गल्लीतली कबुतरं पुढे आठवडाभर त्या बाजूला फिरकली नाहीत. मग तिने मुलापुढे हात पसरला.

“किल्ली.”

मुलाने किल्ली खिशात टाकली. आत्ताच तिघं फेरी मारून आले होते. म्हातारी चालवत होती, शेजारी मेकॅनिक, मागे मुलगा. आणि गाडी हूं की चूं न करता पळाली होती. हीच गाडी म्हातारी एकटी निघाली की कुठेही जीव टाकायची. चढावर, पुलावर, एकदा तर ऐन पोलिसाच्या नाकासमोर. दिवे लागत, हॉर्न वाजे, इंजिन मात्र गप्प. बॅटरी बदलून झाली, फ्यूज बदलून झाले. त्या गाडीत मूळचं असं आता फक्त म्हातारीच उरली होती.

मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणत. त्याने म्हणे फोनवरून एका ट्रकचा खोकला ओळखला होता, आणि जाता जाता ट्रकवाल्याचाही. त्याची रीत ठरलेली: मालकाने चालवायचं, याने शेजारच्या सीटवर डोळे मिटून ऐकायचं. आजही त्याने ऐकलं होतं आणि काही सापडलं नव्हतं.

मुलाने गाडी विकायला काढली होती, न्यायला उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार होतं. म्हातारीची बहीण नदीपलीकडे राहायची, आणि तिच्याशी कडाडून भांडायला म्हातारी दर आठवड्याला जायची. मुलगा म्हणाला, मी सोडत जाईन. म्हातारी म्हणाली, सोबत नेऊन कुणी भांडतं का?

“आई, आम्ही असलो की बंद पडत नाही. तू एकटी असलीस की पडते. मग बिघाड कुठे आहे, तूच सांग.”

कानसेन फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. म्हातारीने ते पाहिलं आणि मुलाकडे वळून पदर खोचला.

“तू एकटा जाऊन ये चौकापर्यंत. वाटेत कुणाला घेऊ नकोस.”

मुलगा हसत गेला. परत काही येईना. म्हातारी चपला घालून चालू लागली. मागोमाग कानसेन.

चौकात गाडी आडवी झाली होती, मागे बस बोंबलत होती आणि मुलगा घामाघूम होऊन किल्ली पिरगाळत होता. म्हातारी दार उघडून त्याच्या शेजारी बसली.

“आता फिरव.”

गाडी चालू झाली. म्हातारी उतरली. इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. ती पुन्हा बसली; चालू. उतरली, बंद. तिसऱ्या वेळी बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कानसेन मात्र टाळ्यांच्या पलीकडे कुठेतरी बघत होता.

“वहिनी, एवढे दिवस मी तिथेच बसून ऐकत होतो हो.”

गाडी ढकलून कडेला घेतली. कानसेनने ती सीट सोडवली. खाली, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या छोट्या पंपाची अर्थिंगची वायर गंजून नटाखाली सैल पडली होती. कुणी बसलं की सीटची पट्टी तिला दाबून धरायची. सीट रिकामी असली की जराशा हादऱ्याने ती सुटायची आणि पंप बंद पडायचा. त्याने गंज खरवडला, नट आवळला, सीट जागेवर बसवली. म्हातारी तोवर स्टिअरिंगमागे जाऊन बसली होती. किल्ली गाडीलाच होती.

मुलगा म्हणाला, खात्री करायला मी येतो. कानसेनचा हात तर सवयीने शेजारच्या दारावर गेलाच. म्हातारीने वाकून आतून खटका दाबला.

“ऐकायचं तर तिथून ऐका.”

आणि ती निघाली. घराकडे नाही, पुलाकडे. दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गाडी वळणाआड गेली, तिचा आवाज बारीक होत गेला, आणि मग काहीच ऐकू येईना.

“बंद पडली?” मुलाने विचारलं.

कानसेनने डोळे मिटले.

“नाही,” तो म्हणाला. “लांब गेली.”