पिवळ्या भिंतीचा उजेड

आई गेल्यावर घर भकास दिसतंय म्हणून शिवांजलीनं येरमाळ्याच्या घराला आतून सोनपिवळा रंग देऊन घेतला. "आबा, आता घर कसं हसतंय बघा!" म्हणाली आणि सासरी गेली.

महिन्यानं सांजच्या एसटीनं आली, तर तिचे आबा, धोंडीबा, दार लोटून बाहेर ओट्यावर बसलेले.

"आत का जाईनात? रंगाचा वास मारतोय व्हय?"

"न्हाय गं. खिडकीत बघ."

मागच्या खिडकीतून मावळतीचं ऊन पिवळ्या भिंतीवर पडलं होतं आणि पुढच्या खिडकीत दिवा लावल्यागत उजेड दिसत होता.

"शेतातून यायचो तवा असंच दिसायचं. तुझी आई दिवा लावून वाट बघायची. आत गेलो की कुणीच नसतंय. म्हणून उजेड हाय तवर इथंच बसतो."

शिवांजलीनं पिशवी खाली ठेवली. "पांढरा देऊ का परत?"

"खुळी का काय! मग तिनं यायचं कुठं?"

ती शेजारी बसली. हळूहळू खिडकी काळवंडली. धोंडीबा उठले आणि पूर्वीसारखेच दाराशी खाकरले. आतून आईचं 'आले, आले' ऐकू येईल म्हणून शिवांजलीही श्वास रोखून थांबली.