अर्धा गहू

रजनीनं विळा बांधावर फेकला आणि विम्याचा कागद नवऱ्यापुढं धरला. शहराच्या टोकाला कोलार रोडच्या कॉलन्या मागं पडल्या की एक गाव लागतं, तिथं त्यांचा हा एकरभर गहू. नवरा सदाशिव शहरात शाहपुऱ्यात एका खासगी कचेरीत शिपाई. पेन्शन नाही, आणि दोन वर्षांनी घरी बसायचं. म्हातारपणाला आधार म्हणून लग्नाआधी काढलेली ही एकच पॉलिसी. एजंटानं कागद तपासून घ्या म्हटलं, तर ह्या शहाण्यानं स्वतः न वाचता तो बायकोच्या हाती दिला.

वारस म्हणून नाव होतं अरविंद. नातं, थोरला भाऊ.

एकतीस वर्षं हप्ते भरले कुणी? गहू विकून, कॉलन्यांत म्हशींचं दूध घालून रजनीनंच भरले. लेकीच्या लग्नात हा पॉलिसीवर कर्ज काढायला निघाला, तेव्हा हिनं कानातलं मोडलं, पण पॉलिसीला हात लावू दिला नाही. अन् अरविंदानं नागपुरात बसून काय केलं, तर दिवाळीला एक फोन. कोणाची म्हैस अन् कोणाला ऊठबैस. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाव काहून नाई बदललं?"

"दादाले वाईट वाटलं असतं," सदाशिव म्हणाला. बापामागं दादानंच शिकवलं, हे हजारदा सांगितलेलं त्यानं पुन्हा सांगितलं.

"मंग ज्याचं नाव, त्यानंच यावं कापायले," म्हणून ती घरी निघून गेली.

म्हशींना भुसा हवा म्हणून गहू हातानंच कापायचा, अन् कंबर साठीची. दोन दिवस सदाशिव एकटाच वाकला. तिसऱ्या दिवशी त्यानं हात टेकले, एजंटाकडं गेला आणि मोठ्या तोऱ्यात पावती घेऊन आला. रजनीनं ती शब्दन् शब्द वाचली. पत्नी पन्नास टक्के, भाऊ पन्नास टक्के.

मग घडी घालून पदराआड ठेवली. सदाशिवाला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पावलांनी वावर मोजलं, मधोमध दोरी ताणली, आणि दोन बाया मजुरीनं लावून दोन दिवसांत अलीकडचा उरलेला सगळा गहू कापला. पेंढ्या ताडपत्रीखाली गेल्या. दोरीपलीकडची एक काडी तिनं तोडली नाही.

संध्याकाळी पश्चिमेला काळंभोर झालं. सदाशिव काकुळतीला आला.

"अवं, गार पडन. तो बी आपलाच गहू हाय."

"तो तुमच्या दादाचा. फोन करा त्यायले, ढग आले म्हना."

इरेला पेटून त्यानं फोन लावलाच. दादानं सगळं ऐकून घेतलं, एखादा माणूस लावून टाक म्हणाला, आणि फोन ठेवला. तोवर गारा पडायला लागल्या. उभा गहू डोळ्यांदेखत आडवा होत होता, आणि सदाशिव मोबाइल हातात धरून बांधावरच भिजत राहिला.

रजनीलाही ते बघवत नव्हतं. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं पीक होतं ते. पण तिनं डोळे पुसले नाहीत. पदराआडची ती अर्ध्या-अर्ध्याची पावती काढून तिनं त्याच्या ओल्या हातात ठेवली.

"सोमवारी सुट्टी टाका," ती म्हणाली.