उजव्या कानात

बशीरचाचांनी लेबररूमच्या दारावर पुन्हा थाप मारली, तशी माया सिस्टर बाहेर आली.

"आवं चाचा, थांबा की जरा! डॉक्टर बाळाच्या तोंडात नळी घालाय लागल्यात."

"मी काय नळी काढा म्हणतोय व्हय? उजव्या कानात अजान द्यायची हाय. लगीच बाहेर येतो."

"आत कुणाला सोडत न्हाईत."

सोडत न्हाईत! सांगलीच्या या दवाखान्यात सकाळपासून चाचांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. सुनेला, अर्फाला, अवेळी कळा सुरू झाल्या म्हणून शिराळ्याहून धावतपळत आणलं. सहावा महिनाही सरला नव्हता. तेव्हापासून इथं बसू नका, तिथं उभं राहू नका. आता नातू झाला, तर त्याच्या कानात अल्लाचं नाव घालायलाही बंदी! घरून बायको हाजराबी फोन करकरून अजान दिली का, तेच विचारत होती आणि चाचा तिच्यावरच खेकसत होते. वाजिद, बाळाचा बाप, जिन्यात डोकं धरून बसलेला. त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

दाराच्या फटीतून चाचांनी आत पाहिलं. तळहाताएवढं बाळ गळ्यापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. चाचांचं टाळकंच सरकलं.

"लेकराला पिशवीत घातलंय! भाजी हाय व्हय ती?"

"ऊब टिकती त्यानं. येवढंसं पोर लगीच गार पडतं, चाचा. जरा सावरू दे त्याला, मग द्या की अजान."

"सावरल्यावर? अजान आदी आसती, बाई!"

माया आत गेली. चाचा व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. मोठ्या साहेबांकडे तक्रारच करतो, एकेकाला बघून घेतो, असं स्वतःशी पुटपुटत राहिले. फटीतून डॉक्टर वल्लरी दिसत होत्या. दोन अंगठ्यांनी त्या बाळाची छाती दाबत होत्या. रडण्याचा आवाज काही येत नव्हता.

बऱ्याच वेळाने दार सताड उघडलं. वल्लरी स्वतः बाहेर आल्या. कपाळ घामाने निथळत होतं.

"चाचा, या. अजान द्या."

चाचा तरातरा पुढे झाले आणि उंबऱ्यातच थबकले. कुणी अडवत नव्हतं. चपला काढा म्हणत नव्हतं. माया सिस्टर बाजूला झाली होती, पण त्यांच्याकडे बघत नव्हती.

 चाचा मागे सरले.

"राहू द्या," ते घाईघाईने म्हणाले. "तुमचं चालू द्या आदी. मला काय गडबड न्हाई. उद्या देतो. परवा देतो."

वल्लरी दार धरून तशाच उभ्या राहिल्या.

"चाचा," त्या हळूच म्हणाल्या, "आत्ताच या."