चौथी खूण

"अंगठा चुकून लागला असेल," राजेश बहिणीला म्हणाला. "श्वेता, तूच म्हणतेस ना, निम्म्या खुणा चुकून होतात?"

मालाडच्या इस्पितळात बाबांच्या पलंगाशी डॉक्टर थांबले होते. गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घालायची. एकदा घातली की बहुधा कायमची. त्यांनी हे बाबांना सावकाश समजावलं होतं, आणि श्वेताच्या फोनमधून आवाज आला होता, "पुरे."

बाबांनी, म्हणजे चंद्रप्रकाश परबांनी, जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधली. नसांच्या आजाराने आधी पाय नेले, मग हात, मग बोलणं. उजवा अंगठा तेवढा हलत राहिला. श्वेता मरोळला स्मार्ट अंगठीच्या अ‍ॅपवर काम करायची. अंगठीवरून फिरलेला अंगठा मुद्दाम फिरवलाय की पोळ्या लाटताना घासला गेलाय, हे अ‍ॅपला ओळखायला लावणं तिचं काम. तिने एक अंगठी बाबांच्या तर्जनीत घातली. अंगठा एकदा टेकवला की फोन म्हणे "पाणी", दोनदा टेकवला की "कूस बदल", पुढे सरकवला की "रत्ना", आईचं नाव. फोनचा आवाज बाईचा होता.

"बायलेच्या आवाजात हाक मारतत माका," म्हणून आई पहिल्या दिवशी रडली होती.

अंगठा मागे ओढायची खूण उरली. तिला शब्द कुठला द्यायचा? श्वेता एकेक सुचवत गेली. पंखा, टीव्ही, दुखतंय. हो म्हणायचं तर बाबा डोळे मिटायचे, ते मिटेनात. शेवटी ती कंटाळली. "पुरे आता, बाबा." त्यांनी डोळे मिटले. तेव्हा सगळेच हसले होते.

हा शब्द चुकून निघू नये म्हणून तिने अट घातली होती. अंगठा ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा.

"चुकून झालं म्हण ना," राजेश हळू आवाजात म्हणाला.

म्हटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. श्वेता बाबांच्या चेहऱ्याशी वाकली.

"बाबा, नळी नाही घातली तर थोडेच दिवस. कळतंय ना?"

डोळे मिटले. मग अंगठा मागे सरकला. थांबला. त्यांच्या कपाळावर घाम आला. अंगठा पुन्हा सरकला.

"पुरे," फोन म्हणाला.

"चुकून नाही रे," श्वेता म्हणाली. राजेश खिडकीकडे वळला.

आई स्टुलावरून उठली. तिने डॉक्टरांना विचारलं, "आमी तेंका घराक न्हेव?"

दहिसरच्या घरी बाबा आठवडाभर होते. श्वेता चार्ज केलेली अंगठी पुन्हा घालायला गेली, तर आई म्हणाली, "आता रवांदे. माका कळता."

त्यातल्याच एका दुपारी आईने बाबांना जरा भिंतीकडे सरकवलं आणि उरलेल्या हातभर जागेत कुशीवर आडवी झाली. कॉट अरुंद होती. राजेशने स्वयंपाकघरातून खुर्ची आणली आणि आई पडू नये म्हणून आवाज न करता कडेला लावून ठेवली.