नख अडकलं तर

नवऱ्याने गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलं, तेव्हा ती पोटुशी होती. खेळण्यातलं नव्हे, चांगलं दोन माणसं बसतील असं विमान. ॲल्युमिनियमचे पत्रे कापायचे, वाकवायचे आणि रिव्हेट मारमारून जोडायचे. "वर जायची एवढी घाई कशाला? सगळेच जातात एक दिवस," असं ती तेव्हा म्हणाली होती. ते वाक्य घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं.

पुढे गॅरेजच्या भिंतीला ओल आली आणि विमानाच्या शेपटीचे पत्रे बाळाच्या खोलीत, कपाटामागे आले. "लक्ष ठेव," नवरा म्हणाला. तिला लक्ष ठेव म्हणणं म्हणजे माशाला पोहायची आठवण करून देणं. तिने एकेक पत्रा बाळाच्या ओल्या टिश्यूने पुसला, पाळण्यातल्या प्लास्टिकच्या कापडात गच्च गुंडाळला आणि चारी कडांना टेप लावली. धूळ जायला नको, हवा जायला नको, बाळाचं बोट तर नकोच नको.

त्याच सुमारास बाळाला घामोळं आलं. डॉक्टरांनी बाळाचे दोन स्वेटर, टोपी आणि मोजे उतरवले आणि म्हणाले, "अहो, हे बाळ आहे, पार्सल नाही. हवा लागू द्या त्याला." तिने बाळाला हवा लागू दिली. पत्र्यांचं डोक्यातही आलं नाही.

आज नवरा पत्र्यांना रंगाआधी लावायचं अस्तर, म्हणजे प्रायमर, आणायला गेला होता. आल्यावर शेपटी जोडायला घेणार होता. आपण पत्रे कसे तळहाताच्या फोडासारखे जपलेत ते त्याने आल्या आल्या बघावं, म्हणून तिने टेप ओढली. पत्र्यांना घामोळं आलं होतं! वर पांढरी भुकटी, तिच्याखाली करडे ठिपके. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही हे तिला माहीत होतं, पांढरा चढतो हे आज कळलं. तिची पदवी रसायनशास्त्राची होती, पण तो विषय इथे न काढलेलाच बरा.

विमानाला नाही म्हणणारी ती एकटीच, आणि पत्रे नेमके तिच्याच हातून सडले. हे जिवापाड जपण्यातून झालं, यावर कोण विश्वास ठेवील? तिने स्वतःनेही ठेवला नसता.

नवऱ्याचा नियम तिला ऐकून ऐकून पाठ होता. डागावरून नख फिरवायचं. सरकलं तर गंज वरवरचा, घासून जातो. अडकलं तर खड्डा पडलाय, पत्रा बाद. तिने भुकटी पुसून बोट फिरवलं. कुठेच अडकलं नाही. दुसऱ्या पत्र्यावर नाही, तिसऱ्यावरही नाही. देव पावला म्हणेपर्यंत तिचं लक्ष बोटाकडे गेलं. त्याला नखच नव्हतं. कुठल्याच बोटाला नव्हतं. बाळाला ताप आला तेव्हा निम्मी खाल्ली होती, आणि उतरला तेव्हा, पुन्हा येईल या काळजीने, उरलेली.

सासूबाईंची नखं मात्र लांब, रंगवलेली आणि जिभेला साजेशी धारदार.

"आई, जरा तुमचं नख हवंय."

"कुणाला ओरबाडायचंय?"

"या डागांवरून फिरवा. अडकतं का बघा."

सासूबाईंनी पत्रे पाहिले, प्लास्टिक पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. "यांनाही स्वेटर घातले होतेस?"

"आई, प्लीज."

"आणि तुझी नखं?"

"खाल्ली."

"तरी म्हटलं, हिला जेवण का जात नाही."

नख पहिल्या पत्र्यावरून सरकलं. दुसऱ्यावरूनही सरकलं. तिसऱ्याच्या कोपऱ्यात, टेपच्या खाली, टक् झालं. "अडकलं गं," सासूबाई म्हणाल्या, आणि दारात अस्तराचा डबा घेऊन नवरा उभा होता.

त्याने डबा खाली ठेवला. पत्र्यांकडे पाहिलं. "तुला हे विमान नकोच होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "मुद्दाम तर नाही ना...?"

"मुद्दाम करायला गेले असते, तर ते धड झालं नसतं माझ्या हातून!" तिचा आवाज चिरकला. "जपत होते रे मी. पुसून, गुंडाळून..."

"पुसून? कशाने?"

"बाळाच्या टिश्यूने. ओल्या."

त्याने कपाळाला हात लावला. हाताखालून आधी सुस्कारा आला आणि मग हसू.

"हस, हस," सासूबाई म्हणाल्या. "तूही हिच्याच ताब्यात आहेस. उद्या तुलाही टेप लावील."

बाद पत्रा त्याने बाजूला काढला आणि तिच्या हातात काथ्यासारखी खरखरीत लाल घासणी दिली. "हलक्या हाताने घास. स्वयंपाकघरातली तारेची घासणी चुकूनही आणू नकोस. लोखंडाचे कण रुतले की पुन्हा गंज." मघाशीच आणून पाठीमागे धरलेली तारेची घासणी तिने गुपचूप पलंगाखाली सरकवली.

संध्याकाळी धुतलेले पत्रे गॅलरीत मोकळ्या हवेला उभे होते, आणि शेजारी नुसत्या बनियनमध्ये बाळ.

"नवा पत्रा कापला की तपासणी तुझी," नवरा म्हणाला.

"माझी? एवढं सगळं करूनही?"

"या घरात तुझ्याइतकं बारीक कोण बघतं? फक्त नख लागेल."

"माझं उसनं मिळणार नाही," आतून सासूबाई ओरडल्या.

तोंडाकडे निघालेला हात तिने अर्ध्या वाटेत थांबवला. बराच विचार करून तिने करंगळी तेवढी राखून ठेवायचं कबूल केलं. बाकीच्या बोटांची हमी तिने कुणालाच दिली नाही.