मंत्रीसाहेबांच्या पायाखालची पेटी

जरा जपून पाऊल टाका, माझी एक फळी कुजलीय. हो, मीच बोलतेय, ही दाराशी उपडी पडलेली खाऱ्या माशांची पेटी. आता माझ्यावर बसून लोक तुरीच्या शेंगा सोलतात आणि एक आगाऊ कोंबडी माझ्या आडोशाला अंडी घालते. पण बांधकाममंत्री कथबर्ट अल्सीद यांनी तेवीस वर्षं जी भाषणं केली, ती सगळी माझ्या डोक्यावर उभं राहून केली, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही.

मी जन्माची भित्री. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी हसायला नको. मी दूरच्या थंड मुलखातलं लाकूड. पोटात खारवलेले मासे भरून बोटीनं या बेटावर आले. आमच्या जातीच्या पेट्यांचं इथं ठरलेलं होतं: मासे संपले की पेटी फोडायची आणि चुलीत घालायची. माझ्यासोबतच्या अकरा जणी मा अल्सीदच्या चुलीत जाताना मी पाहिल्या. मा अल्सीद म्हणजे कथबर्टची आई. आन्स मारो या आमच्या गावाच्या धक्क्यावर ती तळलेले मासे आणि मैद्याच्या जाड पुऱ्या विकायची. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत, हातात कायम कोयता. तो कोयता माझ्या कडेला टेकला होता, त्याच दिवशी मी वाचले.

त्या दिवशी केळ्यांची बोट भरणाऱ्या मजुरांनी काम थांबवलं होतं. बायका डोक्यावर घड घेऊन फळीवरून बोटीत चढायच्या, फळी ओली, आदल्याच दिवशी एक जण पाण्यात पडून मेली होती. कुणीतरी बोलायला हवं होतं. घड मोजणाऱ्या कथबर्टला लिहिता-वाचता येत होतं, म्हणून सगळ्यांनी त्याला पुढं ढकललं. कथबर्ट आईवर गेला नव्हता. बुटका, अगदीच बुटका. तो बोलायला लागला, तर मागून ल्युसियन नावाच्या टवाळ कोळ्यानं हाक दिली, "कथबर्ट, उभा राहून बोल की!"

"उभाच आहे," तो म्हणाला.

धक्काभर हशा पिकला. मा अल्सीदनं कोयता खाली ठेवला, मला उचललं, लेकाच्या पुढ्यात उपडी आपटली आणि म्हणाली, "चढ यावर. आणि पाठ ताठ ठेव."

तो चढला. वरून आवाज असा येत होता की या माणसाला भीती कशाशी खातात तेच ठाऊक नसावं. पण बाई गं, त्याचे पाय! लटलट कापत होते. माझे खिळे खिळखिळे व्हायला आले. धक्क्यावरच्या शेकडो माणसांपैकी एकालाही ते दिसलं नाही, फक्त मला कळलं. भित्रीला भित्रा भेटला, आणि तिथून आमची गट्टी जमली.

पुढचं भराभर सांगते, कारण चांगल्या दिवसांचं काय सांगायचं असतं? फळीला कठडा लागला. लोकांनी कथबर्टला मतं दिली. फेलिसियन मिस्त्रीनं माझ्या कडा घासल्या, हात घालायला भोकं पाडली, निळा रंग दिला. हा फेलिसियन मा अल्सीदचा भाऊ, म्हणजे कथबर्टचा मामा, आणि किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला सुतार. मी विधिमंडळातही गेले. तिथला शिपाई मला नाकाला रुमाल लावून उचलायचा, कारण रंगाखालून माशांचा वास काही जाईना. कथबर्ट बांधकाममंत्री झाला, रस्ते झाले, पूल झाले. त्याच्या पायात चामड्याचे करकरणारे बूट आले, पण बुटांच्या आतले पाय तेच. बोलायला उभा राहिला की थरथर सुरू.

आता ते वादळघराचं. मला जीभ नाही म्हणून बरं, नाहीतर ती इथं अडखळली असती.

आमच्या किनाऱ्यावर जून उजाडला की वादळांच्या धास्तीनं लोक आभाळाकडं बघत बोलतात आणि नोव्हेंबर सरला की नीट जेवतात. गावाला एक भक्कम निवारा हवा होता. कथबर्टनं शब्द दिला आणि बांधकाम काढलं. भिंती झाल्या, छप्पर चढलं, निवडणूक तीन आठवड्यांवर आली. एका दुपारी तो काम बघायला आला, मी त्याच्या काखेत. फेलिसियन मिस्त्री परातीतल्या खिळ्यांकडं बघत म्हणाला की, छपराचा एकेक वासा भिंतीशी जखडायला ज्या लोखंडी पट्ट्या लागतात, त्यांची बोट अजून आली नाही. नुसत्या खिळ्यांवरचं छप्पर म्हणजे डोक्यावरची टोपी, वारा आला की गेली.

"मामा, उद्घाटन रविवारी आहे," कथबर्ट म्हणाला. "आता खिळे मारा. पट्ट्या निवडणूक झाल्यावर."

"झाल्यावर कुणी मारत नाही रे."

"मी सांगतोय ना, मारू."

रविवारी फीत मा अल्सीदनं कापली. कथबर्टनं माझ्यावर उभं राहून सांगितलं की, या घराचा एक वासाही हलणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याचे पाय त्या दिवशी इतके कापले की मला वाटलं, सांगून टाकतोय हा. पण नाही सांगितलं.

निवडणूक जिंकली. पट्ट्या आल्या आणि कोठारात पडल्या. तोवर वाशांच्या खालून पांढऱ्या फळ्यांचं छत ठोकून झालं होतं. पट्ट्या बसवायच्या तर ते फोडायला हवं, आणि फोडलं की चार माणसं विचारणार, का फोडता? त्या एका प्रश्नाला कथबर्ट भ्यायला. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही आलं. फेलिसियन मामानं त्याच्याकडं येणं सोडलं. दर पावसाळ्यात दोनदा-तीनदा रेडिओ वादळाची वर्दी द्यायचा, गाव पोरांना घेऊन वादळघरात जाऊन झोपायचं, आणि वादळ उत्तरेला वळायचं. कथबर्ट मग गरजेपेक्षा जास्त हसायचा. मी मोटारीच्या मागच्या बाजूला पडून जीव मुठीत धरून असायचे. मूठ नाही मला, पण जीव होता.

चौथ्या वर्षीच्या सप्टेंबरात वादळ वळलं नाही. सकाळी रेडिओनं सांगितलं, संध्याकाळच्या आत धडकणार, आन्स मारोवरच. कथबर्ट राजधानीत होता. त्यानं कुणाला काही न सांगता मला जीपमध्ये टाकलं आणि स्वतः चालवत निघाला. वाटेत झाडं आडवी व्हायला लागली होती. वादळघराच्या दाराशी फेलिसियन मिस्त्री पावसात उभा होता. आत पाऊल टाकत नव्हता.

"मामा, टिकेल का?"

"तुला माहीत आहे. मला कशाला विचारतोस?"

आत दोनशे बारा माणसं. पोरं, म्हातारी, पोटुशी, खाटेवर आणलेला एक लकवा झालेला. पुढच्या खुर्चीत मा अल्सीद, ऐंशी वर्षांची, येईल त्याला सांगत होती, घाबरू नका, माझ्या लेकानं बांधलंय. ती तिथं बसली होती म्हणूनच निम्मे लोक निर्धास्त होते.

जायला दुसरी एकच जागा होती, टेकडीवरचा साखरेचा जुना दगडी घाणा. भिंती हातभर जाड, वर दगडी घुमट, दोनशे वर्षांत हलला नाही. पण त्यात आन्स मारोचं कुणी पाऊल टाकत नाही. गुलामीच्या काळात गावाच्या पूर्वजांना तिथं साखळ्यांनी बांधून ठेवत. आजही तिथं कुणी शेळी बांधत नाही, आणि तिकडं खेळायला गेलेल्या पोराला घरी मार बसतो. म्हणजे बघा, रंगवलेलं, दिवे असलेलं घर सोडा आणि त्या घाण्यात चला, असं त्याला सांगायचं होतं. हातात फार तर दोन तास होते.

त्यानं मला ठेवली आणि चढला. इतकी थरथर मी कधीच अनुभवली नव्हती. अगं आई, आता मी मोडते, असं मला झालं.

"वरून हुकूम आलाय," तो म्हणाला, "हे घर रिकामं करायचं, घाण्यात जायचं."

ल्युसियन आता म्हातारा झाला होता, तोंड तेच. "वरून म्हणजे कुठून? बांधकाममंत्री तर तूच ना?" कुणीतरी हसलं. कुणी उठलं नाही. एका बाईनं बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि पुन्हा भिंतीला टेकली. बाहेर वारा शीळ घालायला लागला होता.

कथबर्टचा उजवा पाय माझ्या कडेकडं सरकला. उतरतोय, मला वाटलं. उतरून पळतोय. खोटं कशाला सांगू, मलाही तेच हवं होतं. पण पाय परत जागेवर आला.

"या छपराला लोखंडी पट्ट्या नाहीत," तो म्हणाला. "मिस्त्रीमामांनी सांगितलं होतं. मीच नको म्हणालो. मला निवडणूक जिंकायची होती. हे छप्पर आज उडणार."

मग ल्युसियननं विचारलं, "चार वर्षं?"

"चार वर्षं."

"चार वर्षं आमची नातवंडं याच्याखाली झोपवलीस?"

पुरुष उठून पुढं यायला लागले, आणि मला वाटलं, आता याला मारतात. तेवढ्यात मा अल्सीद उभी राहिली. तिनं वर छताकडं पाहिलं, मग लेकाकडं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पुन्हा बघायचं नाही.

"खाली उतर," ती म्हणाली. "माझा हात धर आणि चल. घाण्यात आधी मी जाते. माझ्या पणज्याला तिथं बांधला होता, तो मला काही खाणार नाही. तुझं-माझं उद्या बघू."

ती निघाली तसे सगळे निघाले. खाट चौघांनी उचलली. कथबर्टनं एका हातानं आईला धरलं, दुसऱ्या हातात कुणाचं तरी पोर घेतलं. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. मी तिथंच राहिले.

एकटी. दोनशे बारा माणसांच्या घरात एकटी. दिवे गेले. पाच वाजता समुद्राकडचा कोपरा उचलला गेला, उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचलतं तसा, आणि परत बसला. पुन्हा उचलला. एकेक खिळा निघताना ओरडत होता. मी कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं, त्या दिवशी चुलीचंही घेतलं, म्हटलं चुलीत घाल पण यातून सोडव. मग सगळं छप्पर एका दमात गेलं, पांढऱ्या फळ्या गेल्या, आणि उरलेले वासे खाली कोसळले, अगदी जिथं लकवा झालेल्याची खाट होती तिथं. वाऱ्यानं मला उचललं, पुढचं मला आठवत नाही.

घाण्यात सगळे जगले. सगळे. हे मला सहा महिन्यांनी कळलं, जेव्हा फेलिसियन मिस्त्रीला मी फणसाच्या झाडात अडकलेली सापडले. त्यानं मला जोडली, आणि माझी फाटलेली बाजू बांधायला कोठारातली एक लोखंडी पट्टी वापरली. ही बघा, अजून आहे. काम करता करता त्यानं सगळं सांगितलं. कथबर्टनं विधिमंडळात राजीनामा दिला तेव्हा मी नव्हते, मेजावरून त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. तरीही तो पुढच्या निवडणुकीला उभा राहिला आणि सपाटून पडला. ल्युसियन त्याला तोंडावर म्हणाला, "जीव वाचवलास म्हणून तुला दर रविवारी जेवायला बोलवीन. मत मात्र देणार नाही." दोन्ही शब्द त्यानं मरेपर्यंत पाळले.

मा अल्सीद लेकाशी वर्षभर बोलली नाही. मग एका सकाळी तिनं त्याच्या हातात हातोडी दिली. तेव्हापासून दर मे महिन्यात कथबर्ट मला काखेत मारून घरोघर जायचा. माझ्यावर चढायचा, छपराखाली हात घालून एकेक पट्टी चाचपायचा, नसेल तिथं स्वतः ठोकायचा. लोक चिडवायचे, आले बघा बांधकाममंत्री, पण दार उघडायचे. आणि पाय? पाय तसेच कापायचे. तेवीस नाही, चांगली चौतीस वर्षं.

या मे महिन्यात तो निघाला नाही. आत खाटेवर आहे, गुडघे वाकत नाहीत. मा अल्सीद कधीच गेली, फेलिसियनही गेला.

आणि आता माझं ऐका, यासाठीच तुम्हाला दारात अडवलं. त्या मोडक्या भिंतींच्या जागी नवं वादळघर झालंय, पिवळं, झक्क. परवा नव्या मंत्र्यानं फीत कापली. निवडणूक महिन्यावर आहे. छताला पांढऱ्या फळ्या ठोकून झाल्यात. वर काय आहे ते कुणी पाहिलं का, मला माहीत नाही. कथबर्ट आतून तेच विचारतो, येईल त्याला, आणि लोक म्हणतात, म्हातारा भ्रमिष्ट झाला. काल रेडिओवर वादळाची वर्दी सुरू झाली. जून लागला.

मला घेऊन चला तिथं. एक फळी कुजलीय, पण या बाजूला पट्टी आहे, इथं पाय ठेवा. छताची एक फळी उचकटा आणि वर हात घालून बघा. पाय कापतील, कापू देत, मी त्याला सरावलेय. त्यानंतर मला चुलीत घातलंत तरी चालेल.