थारीतली सुई

"उचला ते आधी! आले की हो ते!" मामोसेले खिडकीतून आत बघत ओरडली. दारातलं कुत्रं भुंकून भुंकून बेजार झालं होतं.

लेफाच्या मांडीवर थारी पसरलेली होती. बाळाला पाठीशी बांधायची, रजईसारखी जाड थारी. पूर्वी ती आजोळच्या मेंढीच्या कातड्याची असे, आता कापडाची चालते. किनारीचे वीतभर टाके तेवढे राहिले होते. व्याही मंडळी दुपारी यायची ठरली होती, पण जावयाच्या चुलत्याची गाडी सकाळीच निघाली आणि सगळे तिच्यात कोंबून बसून आले. भाडं वाचवण्यापुढे कोण वेळ पाळतो?

"थोडं थांबव त्यांना. एवढीशी किनार राहिलीय."

"काय सांगून थांबवू? आमचे हे शिवायला बसलेत, असं?"

लेफाने सुई किनारीत खोचली, थारीची घडी केली आणि बाळंतविड्याच्या गाठोड्यावर ठेवली. चिंध्यांचा डबा पलंगाखाली ढकलला. मग खुंटीवरचं ब्लँकेट खांद्यावर घेतलं, छातीवर त्याची मोठी पिन लावली, काठी उचलली आणि तो पाहुण्यांना सामोरा गेला. घरातला पुरुष दिसायला त्याला एवढंच करावं लागे.

लेफा खाणकामगार होता. सरहद्दीपलीकडच्या सोन्याच्या खाणीत त्याची उमेदीची वर्षं गेली. तिथल्या बराकीत फाटलेलं ज्याचं त्याने शिवायचं, तसा तोही शिकला. पण इतरांनी बटणं लावली, आणि लेफाला त्या सुईचा लळा लागला. छातीत धूळ बसली तशी खाणीने त्याला घरी पाठवलं. त्याच सुमारास इकडे कपड्यांच्या कारखान्यात बायकांना कामं मिळू लागली होती. बायको मामोसेले, म्हणजे मोसेलेची आई, मशिनवर बसली, आणि तीन वर्षांची लेक मोसेले बापाच्या पाठीशी आली. अगदी पाठीशीच. ब्लँकेटमध्ये बांधून तो तिला नळावर न्यायचा तेव्हा नळावरच्या बायका तोंडावर हात धरत नसत, उघड उघड हसत. एका आजारपणात पोरगी रडायची थांबेना म्हणून त्याने चिंध्यांची एक मेंढी शिवली. मेंढीचा एक कान मोठा झाला, पण पोरगी हसली. तिथून हा छंद लागला तो लागलाच.

मग कोणाचं बारसं, कोणाचं लग्न, कोणाची मुलगी शिकायला चालली, की लेफा काहीतरी शिवायचा. टोपडी, पिशव्या, गरम भांडं धरायची जाड फडकी, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर घ्यायच्या गोधड्या. विकलं कधीच नाही, सगळं भेट म्हणून. गावाला वाटे, मामोसेले कारखान्यात शिवते, तर हेही तीच शिवत असणार. पहिल्यांदा कोणीतरी तिचं कौतुक केलं तेव्हा ती गोंधळून घरी आली. लेफाच म्हणाला होता, "तुझंच म्हणून सांग. मला कशाला गावात तोंड लपवायला लावतेस?" खरी गोष्ट अशी की दिवसभर परदेशी जायच्या विजारींच्या एकाच शिवणीवर बसून आलेल्या त्या बाईला घरी सुई नजरेसमोर नको व्हायची. पण चर्चच्या मंडळात बायका म्हणायच्या, "नोकरी करते, घर करते, वर हे!" हळूहळू तिला ते ऐकायची सवय झाली. गोड सवय सोडवत नाही माणसाला.

लेफाला त्याचं फारसं काही वाटत नसे. बायकोखेरीज आणखी एका माणसाला खरं ठाऊक होतं, ते पुरे होतं.

ते माणूस म्हणजे मोसेले. रीतीप्रमाणे ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. मुलगी झाली. सासरी निरोप गेला तेव्हा जावई मोलेफीच्या अंगावर बादलीभर पाणी ओतून त्याला बातमी दिली गेली. मुलगा असता तर काठीचे फटके मिळाले असते. सासरच्यांनी नाव ठेवलं नालेली. आता ते बाळ-बाळंतिणीला न्यायला यायचे होते.

पंधरवड्यापूर्वी बाळाला पाजता पाजता मोसेले बापाकडे बघत बसली होती. थारीच्या मधोमध तो एक निळा तुकडा जोडत होता.

"हा माझ्या शाळेच्या झग्याचा ना?"

"पहिलीतला. तू शाळेच्या दारात रडत होतीस आणि बाही माझ्या हातात राहिली होती, तोच."

ती हसली. मग एकदम गंभीर होऊन बापाला म्हणाली, "न्टाटे, ह्या वेळी मी सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"सासूबाई विचारतीलच कोणाच्या हातची म्हणून. सगळ्यांसमोर सांगणार, माझ्या वडिलांनी शिवलीय. लाज कसली त्यात? मला वाढवलं ते लपवून वाढवलं का तुम्ही?"

"राहू दे गं. म्हातारपणी कशाला ती थट्टा?" लेफा म्हणाला. पण त्या दिवसापासून त्याचे टाके बारीक होत गेले. व्याही यायच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःचा शर्ट दोनदा इस्त्री केला. कोणी काही विचारलंच, तर काय उत्तर द्यायचं, हेही त्याने मनाशी घोळवून ठेवलं होतं: फार काही नाही, हाताला चाळा म्हणून करतो. एवढंच. बढाई नको.

मेंढी कापली गेली, मोठ्या तीनपायी हंडीत मांस रटरटू लागलं. पुरुष गोठ्याच्या भिंतीशी उन्हात बसले, ज्वारीच्या बिअरचा डबा हातोहात फिरू लागला. अंगणात चटयांवर बायका. गाडीवाला चुलता पित्सो बोलघेवडा होता; बापासारखंच वडीलधाऱ्यांनाही न्टाटे म्हणत, तसा तो सगळ्यांचा न्टाटे पित्सो. त्याच्या गोष्टी भिंतीपासून चटईपर्यंत सगळ्यांना ऐकू जात होत्या.

"आमच्या वरच्या आळीत एकजण आहे," तो सांगत होता, "बायको कामाला जाते आणि हा घरी बसून तिच्या परकराला झालर लावतो! आम्ही त्याला मावशी म्हणतो. मावशी, चहा टाका! म्हटलं की टाकतोसुद्धा!"

अंगणभर हशा पिकला. मोलेफी तर पोट धरून हसला. लेफाही हसला. पाहुण्याच्या गोष्टीला हसावं लागतं.

तेवढ्यात विहीणबाई मामोलेफीने गाठोडं सोडलं. अंगाने ऐसपैस, आवाजाने त्याहून ऐसपैस बाई. तिने थारी झटकून दोन्ही हातांत उंच धरली.

"अगं बाई! ही काही दुकानातली नव्हे! हे डोंगर बघा, हे ताऱ्यासारखं काय काढलंय! सूनबाई, कोणाच्या हातची गं ही?"

मोसेलेने बापाकडे पाहिलं. लेफाने बिअरचा डबा शेजाऱ्याकडे दिला आणि हात मांडीवर पुसले. मोसेलेची नजर मग नवऱ्याकडे गेली. तो अजून डोळ्यांतलं पाणी पुसत होता, हसून हसून आलेलं.

"आईच्या," ती म्हणाली. "माझ्या आईच्या हातची."

बायकांनी जिभा हलवून किलकिलाट केला. मामोसेले क्षणभर गडबडली. नवऱ्याकडे बघायचं तिने टाळलं, आणि मग डोक्यावरचं फडकं नीट करत कौतुक घ्यायला बसली. तिचं काय, ती इतकी वर्षं घेतच होती. तिच्यावर लेफाला राग आला नाही. पण ज्या एका माणसाच्या भरवशावर त्याने सगळ्या गावाला खोटं समजू दिलं होतं, ते माणूसही आज गावाच्या बाजूला जाऊन बसलं. खाणीत डोक्यावरचा लाकडी टेकू करकरला की छातीत जे व्हायचं, ते त्याला झालं.

"मामोसेले, आमच्या मंडळातल्या बायकांना अशा करून दे बाई! नातवंडं येतायत सगळ्यांना," विहीण म्हणाली.

"देईन की," मामोसेले म्हणाली. "हिवाळा सरायच्या आत देते."

जेवणं झाली. लेफाला मांसाचा मानाचा वाटा मिळाला. त्याने तो चावला, गिळला, पित्सोच्या आणखी दोन गोष्टींना हसला. निघायची वेळ झाली तशी मोसेले अंगणात वाकून उभी राहिली, एका बाईने बाळ तिच्या पाठीवर ठेवलं, आणि विहिणीने थारी पसरून हवेत झटकली.

तेव्हा लेफाला सुई आठवली.

तो उठला. पाहुण्यांच्या बायकांत पुरुषाने असं घुसायचं नसतं, पण तो चटया तुडवत थेट गेला. "थांबा!" म्हणून त्याने विहिणीच्या हातातून थारी ओढून घेतली, खालच्या किनारीवरून बोटं फिरवली आणि सुई उपसून वर धरली. दोरा मागोमाग लोंबत होता.

"देवा रे!" मामोलेफीने छातीवर हात मारला. "बाळाच्या कापडात सुई? मामोसेले, अगं कारखान्यात काम करतेस ना तू?"

मामोसेलेचं तोंड राखेसारखं झालं. तिच्याकडे बघून लेफा शांतपणे म्हणाला, "तिची चूक नाही. सुई माझी आहे. थारी मी शिवलीय. टाके राहिले होते आणि तुम्ही लवकर आलात."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग भिंतीशी पित्सोने मांडीवर थाप मारली.

"बघा रे पोरांनो, नवरा असावा तर असा! बायकोची चूक अंगावर घेतो, आणि ती पण कसली! मी शिवलीय म्हणे!"

पुन्हा हशा पिकला. ह्या वेळी त्यात माया होती, हेच वाईट. विहिणीने डोळ्यांना ब्लँकेटचं टोक लावलं. "न्टाटे लेफा, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत हो."

लेफाने मुलीकडे पाहिलं. ती पाठीवर बाळ घेऊन वाकलेलीच होती. एक शब्द पुरे होता. खरंच सांगतायत ते, एवढंच. ती हात मागे नेऊन बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. टोपडंही त्यानेच शिवलेलं होतं.

"किनार उघडी राहिलीय," लेफा म्हणाला. "घालतो दोन टाके."

"पुरे हो न्टाटे! कळलं तुमचं प्रेम!" विहीण हसली. "मामोसेले, घाल बाई पटकन, ऊन उतरायला लागलं."

आणि मामोसेलेने सुईसाठी हात पुढे केला. त्याने सुई दिली. सगळ्यांच्या देखत ती झरझर टाके घालत गेली, कारखान्यातल्यासारखे लांब, सरळ, एका मापाचे. दोरा दातांनी तोडला आणि वर न बघता सुई त्याला परत दिली. "धरा," म्हणाली. त्याने ती ब्लँकेटला खोचली.

थारी बांधली गेली. मोसेले वाकून त्याच्या पाया पडल्यासारखी झाली. "येते, न्टाटे."

"बाळाला थंडी लागू देऊ नकोस," तो म्हणाला.

ती गाडीकडे चालली तसा पाठीवरचा निळा तुकडा त्याला वळणापर्यंत दिसत राहिला. किनारीचे ते वीतभर परके टाकेही त्याला इतक्या लांबून दिसत होते. दुसऱ्या कोणाला दिसले नसते.

दुसऱ्या दिवशी मामोसेलेला सुट्टी होती. हंडी घासून झाल्यावर ती जरा घुटमळली.

"मोसेलेचे बाबा, कापड कधी आणू? शब्द दिलाय मी त्यांना."

"तू शिव."

"मी? मला कुठं येतं तसं? आणि घरी आल्यावर जीव असतो का माझ्यात?"

"येतं की. छान शिवतेस. काल सगळ्यांनी पाहिलं."

लेफाने पलंगाखालचा डबा ओढला. निळ्या झग्याचा एक तुकडा उरला होता. पुढच्या नातवंडासाठी म्हणून त्याने तो जपून ठेवला होता. खांद्यावरचं ब्लँकेट पिनेपाशी फाटलं होतं, ते कधीचंच फाटलेलं होतं. त्याने स्टूल उचललं, ते थेट फाटकाबाहेर, नळाच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं, आणि ब्लँकेट मांडीवर पसरून त्याला निळं ठिगळ लावायला बसला. खाणीतून परतल्यापासून स्वतःसाठी त्याने काही शिवलं नव्हतं.

"आत या," मामोसेले दारातून हलकेच म्हणाली. "लोक बघतील."

कुत्रं भुंकलं. वळणावरून बायका बादल्या घेऊन येत होत्या, बोलत, हसत. लेफाने मान खालीच ठेवली, सुईत नवा दोरा ओवला आणि पुढचा टाका घातला.